सारखे उच्चार, निराळीं कुळें

गेल्या वर्षीं दुसऱ्या सत्राच्या आरंभीं एक पालक आमच्या भेटीस आले. त्यांच्या हातांत त्यांच्या चिरंजिवाचें पत्र होतें. मुलगा वसतिगृहांत राहतो, आणि इंग्रजीचा सराव राहावा म्हणून वडिलांस दर पंधरवड्यास एक पत्र इंग्रजींत लिहितो. त्या पत्रांत त्यानें लिहिलें होतें कीं, यंदाचें वर्ष मोठें 'कुशी' आहे. वडिलांनीं त्या शब्दाखालीं तांबड्या पेन्सिलीची रेघ ओढली होती. ते म्हणाले, "सर, असले शब्द आपल्या शाळेंत शिकवितात काय? हा तर 'कुशन' म्हणजे गादी, तिच्यापासून निघालेला आळशी लोकांचा शब्द दिसतो." मुलास बोलावणें गेलें. तो भीत भीत पण ठामपणें म्हणाला, "नाहीं बाबा, हा आपलाच शब्द आहे. खुशी म्हणजेच कुशी." त्याच्या मागून आलेला त्याचा एक सोबती तेवढ्यांत हळूच म्हणाला, "आईच्या कुशींत सुख असतें ना, सर, म्हणून कुशी!"

तिघांच्या तीन व्युत्पत्त्या झाल्या, आणि तिन्ही कानाला गोड लागल्या. आम्हीं मुलाच्या बाजूनें कौल दिला. पण आम्हीं दिलेलें कारण त्यासच पटलें नाहीं. "उच्चार सारखा आहे, मग आणखी कारण कशाला पाहिजे?" असें त्यानें विचारलें. तो प्रश्न आमच्या मनांत घोळत राहिला, आणि त्याचेंच सविस्तर उत्तर आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

सुखाचें, कमी कष्टाचें, ह्या अर्थानें 'कुशी' हा शब्द पहिल्या महायुद्धांत, म्हणजे १९१४ ते १९१८ ह्या काळांत, इंग्रज शिपायांच्या तोंडीं सर्वत्र झाला. त्या शिपायांपैकीं जे जुने होते, ते हिंदुस्थानांतील छावण्यांत वर्षानुवर्षें राहून आलेले होते, व त्यांच्या बोलण्यांत ह्या शब्दाच्या जोडीला आणखी कितीतरी हिंदुस्थानी शब्द होते. 'कुशन' हा शब्द तर इंग्रजींत मध्ययुगापासून आहे. त्याच्यापासून 'कुशी' व्हावयाचा, तर त्यानें इतकीं शतकें वाट पाहून नेमकें पलटणींतच कां जन्मावें? म्हणून कोशकार हा शब्द फारसींतून हिंदुस्थानींत आलेल्या 'खुश' ह्या शब्दापासून काढतात. गादीचा मऊपणा इंग्रज कानाला त्यांत मागाहून जाणवला असेल, व त्यामुळें शब्द रुळण्यास मदतही झाली असेल. पण गादी ही त्याची जननी नव्हे. आईची कूस बिचारी उगाच मध्यें आली. मुलाचें उत्तर बरोबर ठरलें, तें उच्चार सारखा होता म्हणून नव्हे. शब्द कोणीं, केव्हां व कोठें वापरला हा धागा जुळतो म्हणून.

इंग्रज लोक ज्यास 'स्लँग' म्हणतात त्या शब्दांचा जन्म बहुधा असाच कोनाकोपऱ्यांत होतो. शिपाई, खलाशी, फेरीवाले, विद्यार्थी आणि चोर हे त्याचे जनक. आपल्याकडे व्यापाऱ्यांची नंदभाषा होती, आणि मुलांची 'च'ची भाषा कोणत्याही शाळेच्या आवारांत ऐकावयास मिळते. त्यांचाच हा दूरचा सोयरा समजावा. शिष्ट ग्रंथांत अशा शब्दांस थारा नसतो, म्हणून त्यांचीं पहिलीं वर्षें अंधारांत जातात. जन्मपत्रिका हरवली कीं मग जो तो आपापल्या कानानें ती तयार करूं लागतो. कांहीं लोकांनीं मात्र ते शब्द वेळींच टिपून ठेविले, हे त्यांचे उपकार होत. फ्रान्सिस ग्रोस ह्यानें १७८५ सालीं लंडनच्या बाजारी बोलीचा कोश छापला. जॉन कॅम्डेन हॉटन ह्याचा कोश १८५९ सालीं निघाला. एरिक पार्ट्रिज ह्याचा मोठा कोश १९३७ चा. हिंदुस्थानांतील इंग्रजांच्या बोलीपुरतें पाहिलें, तर हेन्री यूल व आर्थर बर्नेल ह्यांनीं रचिलेला १८८६ चा कोश प्रसिद्ध आहे. तो पुरा होण्यापूर्वींच, १८८२ सालीं, बर्नेल वारले. त्या कोशाचें नांवच 'हॉब्सन-जॉब्सन' असें आहे. मोहरमच्या मिरवणुकींतील 'या हसन! या हुसैन!' हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानांत शिरला, आणि तोंडांतून बाहेर पडला तो हॉब्सन व जॉब्सन असें दोन इंग्रज गृहस्थांचें रूप घेऊन! कान परक्या शब्दाला आपल्या घरचा पोशाख कसा चढवितो, ह्याचें ह्याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां एकाच पोशाखांत उभ्या असलेल्या निरनिराळ्या माणसांची ओळख करून घेऊं. 'चिट' हा लहानसा शब्द घ्या. 'मला एक चिट लिहून द्या' असें कचेरींत म्हणतात ती चिट म्हणजे आपली चिठ्ठी. ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांनीं ती 'चिटी' म्हणून उचलली, व पुढें तिचें शेपूट तुटलें. परंतु इंग्रजी गोष्टींत एखादी म्हातारी चुरुचुरु बोलणाऱ्या पोरीस 'चिट ऑफ ए गर्ल' म्हणते, तेव्हां चिठ्ठीचा कांहीं संबंध नसतो. ती चिट चौदाव्या शतकापासूनची आहे, आणि तिचा मूळ अर्थ जनावराचें पिल्लूं. शिवाय बटाट्यास फुटलेल्या कोंबालाही चिटच म्हणतात. तो कोंब बहुधा जुन्या इंग्रजींतील तिसऱ्याच शब्दाचा वंशज आहे. ज्यानें चिठ्ठीवरून पोरीचा अर्थ काढला तो फसला, आणि पोरीवरून बटाट्याचा काढला तोही फसला.

'चॉप' ह्या शब्दाची सभा तर याहून मोठी. कुऱ्हाडीनें किंवा सुरीनें तोडणें हा चॉप सर्वांस ठाऊक आहे. ताटांतील मटन चॉप म्हणजे तोडलेला तुकडा. पण मिटक्या मारणाऱ्या माणसास इंग्रजींत 'चॉप्स चाटतो' असें म्हणतात, तेव्हां तो तुकडे चाटीत नसून आपला जबडा चाटीत असतो. हा जबड्याचा चॉप निराळा. त्याचा उच्चार पूर्वी 'चॅप' असाही होत असे. 'चॉप अँड चेंज' म्हणजे सारखी अदलाबदल करणें. त्यांतील चॉप हा मुळांत बाजारांतील देवघेवीचा शब्द. त्याच घराण्यांतील 'चॅपमन' म्हणजे व्यापारी, 'चीप' म्हणजे स्वस्त, आणि लंडनच्या जुन्या बाजाराचा रस्ता जो चीपसाइड तोही. चॅपमनचा 'मन' गळून 'चॅप' उरला. त्याचा अर्थ आधीं गिऱ्हाईक, व अठराव्या शतकापासून नुसता 'गडी' असा झाला. आमचे विद्यार्थी एकमेकांस ऐटीनें 'ओल्ड चॅप' म्हणतात, ते न कळत एकमेकांस 'अहो जुने गिऱ्हाईक' अशी हांक मारीत असतात.

मग 'फर्स्ट चॉप' म्हणजे काय? पहिला तुकडा काय? पहिला जबडा काय? नव्हे. हा चॉप म्हणजे आपला छाप, ज्यावरून आपण छापखाना म्हणतों तोच. सतराव्या शतकांत हिंदुस्थानच्या बंदरांत इंग्रजांनीं हा शब्द शिक्का, मोहर, शिक्क्याचा परवाना ह्या अर्थीं घेतला, आणि पोर्तुगीज व इंग्रज व्यापाऱ्यांच्या गलबतांतून तो चीनच्या किनाऱ्यास गेला. कॅन्टन येथें एकाच छापाच्या चहाच्या पेट्यांचा जो गट, त्यास 'चॉप' म्हणूं लागले. उत्तम छापाचा माल तो फर्स्ट चॉप, त्याहून हलका तो सेकंड चॉप. तेथून हा शब्द इंग्लंडांत परतला, तो घोड्यास, जेवणास, फार काय माणसासही लागूं लागला. चीनमध्यें जकातीच्या नाक्यास 'चॉप हाउस' म्हणत, कारण तेथें शिक्के मारीत. लंडनमध्यें चॉप हाउस म्हणजे भाजलेले तुकडे वाढणारी खाणावळ. भुकेलेला खलाशी पहिलें घर पाहून दुसरें समजला, तर त्याची काय फजिती होत असेल ह्याची कल्पना करावी! ह्याच कॅन्टनच्या बोलींतला 'चॉप चॉप' म्हणजे 'लौकर लौकर'. तो मात्र छाप नव्हे, तोडणेंही नव्हे; तो 'त्वरा' ह्या अर्थाच्या चिनी शब्दाचा इंग्रज उच्चार होय. जेवणाच्या काड्यांना 'चॉपस्टिक' म्हणतात त्यांतही हाच चपळपणा आहे. पुष्कळांस वाटतें कीं, त्या अन्नाचे तुकडे करण्याच्या काड्या आहेत. त्या काड्यांनीं तुकडा करून पाहावा म्हणजे झालें.

'चीज' ह्या शब्दाविषयीं थोडक्यांत सांगतों. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून लंडनकर एखादी वस्तु अगदीं योग्य व झोकदार असली म्हणजे 'ही खरी चीज' असें म्हणत. इंग्रजींत चीज म्हणजे दुधाचा एक पदार्थ, आणि त्यांत योग्यतेचा काय संबंध, हें कोणास सांगतां येईना. यूल साहेबांनीं दाखविलें कीं, ही आपली 'चीज' असावी. जी गवई गातो व कष्टाचें जी होते, तीच फारसी-हिंदुस्थानी चीज, म्हणजे वस्तु. ही उपपत्ति आजही बहुतेकांस मान्य आहे. अमेरिकेंतील 'बिग चीज' म्हणजे बडी असामी, तीही हिचीच मुलगी दिसते. परंतु चोरांच्या बोलींतील 'चीज इट' म्हणजे 'पुरे कर, पळ' हा शब्द ह्या कुळांतला नाहीं. गोंगाट ह्या अर्थाचा 'बॉबरी' हाही असाच. त्याचा 'बॉबी' म्हणजे पोलिसाशीं संबंध नाहीं; बॉबी हें १८२९ सालीं लंडनची पोलीस उभारणाऱ्या सर रॉबर्ट पील ह्यांच्या नांवाचें लाडकें रूप आहे. बॉबरी ही बहुधा आपल्या 'बाप रे!' ची प्रतिध्वनि होय. घाबरलेल्या माणसांचा 'बाप रे बाप' साहेबानें ऐकला, आणि त्याला तो गोंधळाचें नांवच वाटला.

येथवर गंमत झाली. पण दोन शब्द असे आहेत कीं, त्यांकडे पाहतां हंसूं ओठांवरच थांबतें.

पहिला 'ब्लायटी'. अरबींतील 'विलायत' म्हणजे प्रांत, राज्य. हिंदुस्थानांत त्याचा अर्थ दूरचा मुलूख व पुढें विशेषेंकरून इंग्लंड असा झाला. आपण 'विलायती चिंच' म्हणतों, तिचें मूळ अमेरिकेंत असूनही! 'बिलायती' असा उत्तरेकडील उच्चार गोऱ्या शिपायांनीं ऐकला. सोडावॉटरला त्या काळीं 'बिलायती पानी' म्हणत, हें हॉब्सन-जॉब्सनमध्यें नमूद आहे. शिपायाच्या तोंडीं बिलायतीचा ब्लायटी झाला, आणि त्याचा अर्थ एकच, घर. पहिल्या महायुद्धांत फ्रान्सच्या चिखलांतील खंदकांत हा शब्द घरोघरच्या पोरांनीं शिकला. जी जखम जीव घेत नाहीं, पण माणसास लढाईतून काढून इंग्लंडांतील इस्पितळांत पाठविण्याइतकी मोठी असते, तिला ते 'ब्लायटी' म्हणत. एखाद्यास अशी जखम झाली म्हणजे त्याचे सोबती त्यास भाग्यवान समजत. हात किंवा पाय मोडणें हें भाग्य ठरावें, अशी जेथें स्थिति, तेथल्या माणसांचा हा शब्द आहे. पिकावर पडणारा रोग तो 'ब्लाइट', आणि त्यावरून नकोशा माणसास 'ब्लायटर' म्हणतात. उच्चार इतका जवळचा कीं, ब्लायटी हा शिवीसारखा शब्द असावा असें विद्यार्थ्यांस वाटतें. वस्तुतः एक रोग आहे, आणि दुसरें घर आहे.

दुसरा शब्द आपल्या अगदीं दाराशीं जन्मला. एखाद्याचें डोकें फिरलें म्हणजे इंग्रज 'डूलॅली' झाला असें म्हणतात. मुंबईहून आगगाडीनें थळ घाट चढून वर गेलें म्हणजे नाशिकच्या अलीकडे देवळाली लागते. हवा चांगली, म्हणून तेथें पुष्कळ आरोग्यभुवनें बांधलीं गेलीं; आज तेथें तोफखान्याचें शिक्षण देणारी सैनिकी शाळा आहे. इंग्रजी अमलांत तेथें गोऱ्या फौजेची मोठी छावणी होती. ज्या शिपायांची नोकरीची मुदत संपली, त्यांस निरनिराळ्या पलटणींतून ह्या छावणींत आणून ठेवीत, आणि मुंबईस जहाज लागलें म्हणजे स्वदेशीं धाडीत. पण फौजेचीं जहाजें बारा महिने चालत नसत. तीं हिंवाळ्याच्या हंगामांतच येत. हंगाम संपल्यावर ज्याची मुदत भरली, त्यास पुढील हंगामापर्यंत महिनेच्या महिने तेथें काढावे लागत. काम नाहीं, कवाईत नाहीं, हातांत थोडा पैसा, आणि घर डोळ्यांसमोर दिसत असून जातां येत नाहीं. फ्रँक रिचर्ड्स नांवाच्या एका जुन्या शिपायानें १९३६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत ह्या मुक्कामाचें वर्णन केलें आहे. वर्षानुवर्षें नीट वागलेलीं माणसें ह्या रिकाम्या महिन्यांत बिघडत, कोणी दारूच्या नादीं लागत, कोणी शिक्षा ओढवून घेत.

ह्या स्थितीचें शिपायांनीं ठेविलेलें पूर्ण नांव 'डूलॅली टॅप'. १९२५ सालीं निघालेल्या सैनिकी शब्दांच्या एका संग्रहांत तें आढळतें. इंग्रजींत 'टॅप' म्हणजे टिचकी किंवा हलका ठोका, आणि पाण्याची तोटीही टॅपच. म्हणून नवा ऐकणारा समजतो कीं, डोक्यावर ठोका बसल्यामुळें माणूस वेडा झाला. परंतु हा 'टॅप' म्हणजे हिंदुस्थानी 'तप', आपला ताप. 'देवळालीचा ताप', इतका सरळ अर्थ. त्या तापाला अंगाची उष्णता लागत नसे. वाट पाहणें हेंच त्याचें कारण. आज लंडनच्या रस्त्यावर एखादा पोर दुसऱ्यास हंसत हंसत डूलॅली म्हणतो, त्याला देवळाली ही नकाशावर कोठें आहे हेंही ठाऊक नसतें. आमच्या वर्गांत हा शब्द सांगितला तेव्हां नाशिककडचा एक मुलगा एकदम उठून म्हणाला, "आमच्या गांवाची ही बदनामी आहे, सर!" आम्हांस तसें वाटत नाहीं. शब्दांत गांवाची निंदा नाहीं. घरापासून दूर पडलेल्या माणसांचें दुःख आहे, आणि तें थट्टेच्या आवरणाखालीं झांकलें गेलें आहे.

हिंदुस्थानांतील शब्द इंग्रजींत शिरले ते सारे शिपायांच्या पाठपिशवींतूनच, असें मात्र कोणी समजूं नये. ज्यांस इंग्रज 'जिप्सी' म्हणतात त्या रोमानी लोकांचे पूर्वज सुमारें हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानांतून पश्चिमेस निघून गेले. त्यांची भाषा संस्कृताशीं नातें सांगते, हें योहान रूडिगर ह्या जर्मन पंडितानें १७८२ सालीं प्रसिद्ध केलें. 'पॅल' म्हणजे दोस्त, हा शब्द सतराव्या शतकांत त्यांच्याकडून इंग्रजींत आला. त्यांच्या भाषेंत 'फ्राल' म्हणजे भाऊ. संस्कृत 'भ्रातृ' तो हाच. म्हणजे इंग्रजांचा 'ब्रदर', रोमानी 'पॅल' आणि आपला 'भाऊ' हे तिघे एकाच आजोबांचे नातू. उच्चारांत ते एकमेकांस ओळखणारही नाहींत. उलट आपल्या भिंतीवरची पाल आणि हा पॅल कानाला सख्खे भाऊ वाटतात, पण त्यांचें काडीचेंही नातें नाहीं. पॅलचा जोडीदार 'चम' हाही परदेशी असावा असें वाटतें. पण तो तेथलाच, एका खोलींत राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या 'चेंबर-फेलो' ह्या शब्दाचा संक्षेप समजतात. वसतिगृहांतील मुलांस तो शोभतो.

'डेको' म्हणजे एक नजर टाकणें. हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छावण्यांतून निघाला, व उघडच 'देखो' आहे. पण रोमानी भाषेंतही पाहणें ह्या अर्थाचा 'दिख' हा धातु आहे, कारण दोघांचें मूळ एकच. एकाच झऱ्याचें पाणी दोन वाटांनीं, आणि हजार वर्षांच्या अंतरानें, एकाच गांवीं पोंचलें.

आतां आमच्या स्वतःच्या एका चुकीची कबुली देणें प्राप्त आहे. 'पॉश' ह्या शब्दाची एक गोष्ट आम्ही बरींच वर्षें वर्गांत सांगत होतों. ती अशी: विलायतेहून मुंबईस येणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटींत येतांना डाव्या बाजूच्या व जातांना उजव्या बाजूच्या खोल्या उन्हापासून दूर असत. श्रीमंत लोक ज्यादा भाडें भरून त्या घेत, व त्यांच्या तिकिटांवर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' ह्या शब्दांचीं आद्याक्षरें छापीत. त्यांवरून पॉश म्हणजे श्रीमंती, झोकदार. गोष्ट फार सुंदर आहे. नकाशा पाहिला तर ऊन-सावलीचा हिशेबही बराचसा जुळतो. अरबी समुद्रांतून पूर्वेकडे येतांना डावी बाजू उत्तरेची, म्हणून थंड. एके वर्षीं शेवटच्या बांकावरील एका मुलानें, जो एरवीं फारसा बोलत नसे, विचारलें, "सर, तें तिकीट कोणी पाहिलें आहे काय?"

आम्हीं शोध केला. तिकीट कोणीही पाहिलेलें नाहीं. कंपनीच्या जुन्या कागदपत्रांतही अशा रिवाजाचा पुरावा सांपडत नाहीं. पॉश हा शब्द झोकदार ह्या अर्थीं १९१४ च्या सुमारास छापलेला मिळतो, पण आगबोटीची ही कथा १९३५ च्या सुमारास प्रथम कागदावर दिसते. कथा जर शब्दाची आई, तर ती मुलाहून वीस वर्षांनीं धाकटी कशी? शिवाय आद्याक्षरें जोडून शब्द बनविण्याची चाल त्या काळापूर्वी इंग्रजींत फारच विरळ होती. एकोणिसाव्या शतकांतील बाजारी बोलींत पॉश म्हणजे नाणें, पैसा, असा एक शब्द होता. रोमानी भाषेंत त्याचा अर्थ अर्धा, म्हणून अर्धी पेनी. ऐटबाज माणसासही त्या शतकाच्या अखेरीस पॉश म्हणत. ह्यांपैकींच एखाद्यापासून आजचा शब्द आला असण्याचा संभव अधिक. दुसऱ्या दिवशीं आम्हीं वर्गांत उभे राहून मागील गोष्ट परत घेतली. परंतु त्यापूर्वीं जे विद्यार्थी शाळेंतून बाहेर पडले, ते ती गोष्ट आपापल्या मुलांस सांगत असतील, ही टोंचणी राहिलीच आहे. हा अंक त्यांच्या हातीं पडेल तर बरें.

ज्या शब्दावर आपला हक्क सांगण्याचा मोह होतो, तेथें तर अधिक सावध राहावें. इंग्रजींत बेफिकिरी दाखविण्यासाठीं एक शापवाचक शब्द वापरतात. तो शिष्टसंमत नाहीं, म्हणून येथें पुरा लिहीत नाहीं. त्याचा उच्चार आपल्या 'दाम' सारखा. अकबराच्या वेळीं चाळीस दामांचा एक रुपया होई. तेव्हां 'मी एका दामाचीही पर्वा करीत नाहीं' असा त्याचा अर्थ असावा, असें हॉब्सन-जॉब्सनकारांस वाटलें. आपण 'दमडीची किंमत नाहीं' म्हणतोंच, त्यामुळें आपल्यासही तें लगेच पटतें. पण ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशानें ह्या तर्कास आधार नाहीं असें स्पष्ट सांगितलें आहे. अठराव्या शतकांतील इंग्रज लेखक तो शब्द शापाच्याच अर्थानें, त्याच वाक्प्रचारांत वापरीत होते. आपल्या दामाला तेथें जागा नाहीं. वाईट वाटलें तरी मान्य करावें.

असो. मूळच्या पत्राकडे वळूं. असे शब्द मुलांनीं वापरावे कीं नाहीं, असें त्या पालकांनीं आम्हांस शेवटीं विचारलें. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेंत किंवा अर्जांत ते शोभत नाहींत, हें सांगावयास नकोच. वडिलांस लिहिण्याच्या पत्रांत काय चालावें, हें वडिलांनीं ठरवावें. मात्र शब्द खालच्या लोकांच्या तोंडचा आहे, एवढ्याच कारणानें तो अपवित्र मानूं नये, असें आमचें मत आम्हीं सांगितलें. त्यांनीं मान डोलविली, पण तांबडी रेघ खोडली नाहीं.

निघतांना ते मुलास म्हणाले, "अभ्यास कर, लोफरासारखा हिंडूं नकोस." मुलाचा सोबती पुन्हा पुढें सरला. "सर, लोफर म्हणजे लफंगा, नाहीं का?" नाहीं. लफंगा फारसींतून आपल्याकडे आला. लोफर हा १८३० च्या सुमारास अमेरिकेंत उगवला. भटक्या ह्या अर्थाच्या एका जर्मन शब्दापासून तो आला असावा असा तर्क आहे. इंग्रजींत पावाच्या लादीसही 'लोफ' म्हणतात, पण लोफर पाव खातो म्हणून लोफर नव्हे. आणखी मौज अशी कीं, लंडनचे लोक 'आपला लोफ वापर' म्हणजे 'डोकें चालव' असें म्हणतात. तेथील फेरीवाल्यांनीं एकोणिसाव्या शतकांत यमकांची एक गुप्त बोली काढली. जिन्याला 'स्टेअर्स' न म्हणतां त्याच्याशीं यमक जुळणारे 'ॲपल्स अँड पेअर्स', म्हणजे सफरचंदें व नासपती, असें म्हणावयाचें. त्याच रीतीनें पुढें 'हेड' म्हणजे डोकें, यमक 'लोफ ऑफ ब्रेड', आणि शेवटीं यमकाचा शब्दच टाकून नुसता लोफ. येथें मात्र उच्चाराचें साम्य हीच खरी व्युत्पत्ति, पण ज्या शब्दाशीं साम्य, तोच गाळलेला!

वडील फाटकापर्यंत गेले, आणि मुलगा मागून धांवला. घरून आणलेला डबा परत द्यावयाचा राहिला होता. "बाबा, टिफिन!" असें तो ओरडला, आणि मग आमच्याकडे वळून, "हा तरी आपला ना, सर?" म्हणाला. त्यास आम्हीं ग्रोसचा १७८५ चा कोश काढून दाखविला. 'टिफिंग' म्हणजे जेवणाच्या वेळेखेरीज कांहीं खाणें-पिणें, असा तो लंडनचा बाजारी शब्द आहे. 'टिफ' म्हणजे पेयाचा घोट. क्षुल्लक भांडणालाही टिफ म्हणतात, पण तें निराळें. इंग्रज हा शब्द इकडे घेऊन आले, दुपारच्या फराळास लावला, आणि स्वदेशीं तो विसरून गेले. मुंबईंत तो रोज लाखों डब्यांवर बसून हिंडत असतो, आणि इंग्लंडांतून आलेला नवखा प्रवासी विचारतो कीं, हा कोणता हिंदी शब्द आहे?